समुद्रावरच्या दिवसांची वही

अमेरिकेत स्वतःची शिडाची नौका बाळगून सुटीच्या दिवशी समुद्रावर जाणारे काही हौशी नाविक पुढे कप्तानाचा परवाना मिळवू पाहतात. भाडे घेऊन प्रवासी न्यायचे, तर हा परवाना तेथील तटरक्षक दलाकडून घ्यावा लागतो. पहिल्या पायरीच्या परवान्यावर भाडे देणारे जास्तीत जास्त सहा प्रवासी नेता येतात.

वैद्यकीय तपासणी, अमली पदार्थांची चाचणी, प्रथमोपचाराचे शिक्षण हे सारे त्यात आहेच. सागरी वाहतुकीच्या नियमांत उत्तीर्ण होण्यास ९० टक्के गुण लागतात. तथापि अभ्यासाने हे साधते. खरा कस लागतो तो अनुभवाच्या अटीत. नौकेवर ३६० दिवस भरावे लागतात आणि त्यांतील ९० गेल्या तीन वर्षांतले असावे लागतात. नौका किमान चार तास चाललेली असेल, तरच तो दिवस धरला जातो. धक्क्याला बांधलेल्या नौकेतली विश्रांती हिशेबात येत नाही. वर्षाकाठी तीस दिवस समुद्रावर जाणाऱ्याला बारा वर्षे लागतात.

या दिवसांची नोंद कोण प्रमाणित करतो? नौका दुसऱ्याची असेल, तर तिचा मालक किंवा कप्तान. नौका स्वतःची असेल, तर मालकीचा पुरावा जोडून नाविक स्वतःच सही करतो. खोटे निवेदन कायद्याने गुन्हा आहे. परंतु दोन तासांची फेरी चार तासांची लिहिताना पाहणारा सहसा कोणी नसतो. ३३० दिवस भरलेल्याला उरलेले तीस लेखणीनेच भरून काढण्याचा मोह होतो.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ सांगितली आहे. कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे. दिवाळीला वहीपूजन करणाऱ्या घरांना त्याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही. वहीत नसलेली रक्कम जमा दाखवली, तरी तिजोरीत ती येत नाही. तसेच न घडलेला दिवस लिहिला, तरी त्या दिवसाचे शहाणपण नाविकाच्या हाती येत नाही. अचानक धुके उतरते, वारा फिरतो, तेव्हा कागदावरचे तीस दिवस सुकाणू धरत नाहीत आणि विश्वासाने बसलेल्या सहा जणांचे प्राण त्या उणिवेवर तोलले जातात. येथे असत्य हिंसेच्या दारापर्यंत पोहोचते.

म्हणून ३३० वर थांबलेल्याने आणखी तीस दिवस समुद्रावर काढावेत, हाच सरळ मार्ग. परवाना एखाद्या वर्षाने उशिरा मिळेल. पण वही खरी राहील.