दादाजानचे धाब्याचे घर

अकोल्याहून बाळापूरला लोक जातात ते किल्ला पाहायला. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा विटांचा किल्ला अचलपूरचे नवाब इस्माईल खान यांनी १७५७ साली पुरा केला. आम्ही भावंडे मात्र त्यावरून पुढे, दादाजानच्या गावी गेलो. घर मोडून सागवान विकायचे ठरत होते. लाकडाचा व्यापारी दुपारी येणार होता. त्याआधी सर्वांनी एकदा घर पाहावे, एवढाच बेत.

मे अखेरचे दिवस, पारा ४५ अंशांवर. दिंडी दरवाजातून वाकून आत शिरलो आणि जीव थंडावला. काळ्या दगडाचे जोते, त्यावर दोन हात रुंद मातीच्या भिंती. दिवसाचे ऊन त्यांच्यातून आत येईपर्यंत संध्याकाळ होते. वर धाबे : सागाच्या खांबांवर तुळया, त्यांवर फाट्या, मग कडुनिंबाचा पाला आणि सर्वांत वर वीतभर पांढरी माती. वऱ्हाडात शेत काळीत, वस्ती पांढरीत. ही पांढरी माती पावसात चिकटून बसते, पाणी खाली उतरू देत नाही. निंबाच्या पाल्याला वाळवी लवकर लागत नाही. भिंतीतच धान्याचे बळद. ज्वारी वरून ओतायची, खालच्या भोकातून काढायची. ताकात दादीच्या दिव्याची काजळी अजून आहे.

पण मधल्या खणातून आभाळ दिसत होते. धाब्यावरचे गवत दरवर्षी मृगाआधी उपटावे लागते, नवी माती टाकावी लागते. दादाजानच्या वेळी सारे घर टोपल्या घेऊन वर चढे. पुढे प्रत्येकाला वाटले, दुसरा करील.

ओसरीत बसून हिस्से मांडले. सत्तरीच्या फुफी कोपऱ्यात गप्प होत्या. मुलीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला. आम्ही शाळेत मुलांना तो हिशेब शिकवतो. पण दादाजान गेल्यावर फुफींना काहीच मिळाले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नाही. त्या इतकेच म्हणाल्या, "बेटा, मला लाकडाचे पैसे नकोत. माझ्या वाट्याला ही ओसरी येत असेल तर द्या. माती मी टाकून घेईन."

व्यापाऱ्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितले. आधी फुफींचा हिस्सा कागदावर येईल, मग बाकीच्यांचा. मृगाला थोडेच दिवस उरले होते. पांढऱ्या मातीची एक ट्रॉली त्याच संध्याकाळी सांगून ठेवली.