मशागत आणि बुरशी

‘मशागत’ हा शब्द मुळात अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. मूळ अर्थ कष्ट. त्याचेच भावंड ‘मशक्कत’ उर्दूत तुरुंगापर्यंत जाऊन पोचले. ‘कैद-ए-बामशक्कत’ म्हणजे सक्तमजुरी. मराठीने मात्र या शब्दाला शेतात नेले आणि जमिनीवर घेतलेले कष्ट म्हणजे तिची सेवाच, असा भाव त्यात मुरवला. त्याच मराठीत ‘बुरशी’ म्हणताच शिळी भाकरी, ओल आलेली भिंत, नासलेले लोणचे डोळ्यांपुढे येते. एका शब्दाच्या वाट्याला सगळे पुण्य आले, दुसऱ्याच्या वाट्याला नुसती किळस. शेतातली माती हा निवाडा मानत नाही.

वृक्षांच्या मुळांशी जडलेल्या बुरशीला १८८५ साली आल्बर्ट फ्रांक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘मायकोरायझा’ हे नाव दिले. ज्वारी, गहू, तूर, कापूस यांच्या मुळांत शिरणारी बुरशी निराळ्या गटातली. व्यवहार मात्र तोच. केसाहून कितीतरी बारीक असे तिचे तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातीत पसरतात, तिथला स्फुरद आणून पिकाला देतात आणि मोबदल्यात पानांनी उन्हात रांधलेले अन्न घेतात. ही देवघेव सुमारे ४० कोटी वर्षांची आहे. स्कॉटलंडमधील ऱ्हायनी येथील जीवाश्मांत तिच्या खुणा सापडल्या आहेत. त्या मानाने नांगर कालचा.

तो फिरला की हे जाळे तुटते. बुरशी समूळ मरत नाही. बीजाणूंपासून आणि तुटक्या तंतूंपासून ती पुन्हा पसरते. परंतु रोपाला जे जाळे तयार मिळायचे, ते पहिल्यापासून विणावे लागते. आणि स्फुरदाची निकड असते ती नेमकी त्याच कोवळ्या दिवसांत. दुसरा घाव सौम्य दिसतो. स्फुरदाचे खत मुबलक मिळाले की पीक बुरशीला पोसणे कमी करते. यात कृतघ्नता शोधू नये. घरात नळ आल्यावर रहाट कोण ओढतो? फरक इतकाच, की या नळाचे पाणी दुरून येते. भारत स्फुरदखतांचा बहुतेक कच्चा माल परदेशांतून आणतो आणि शेतात टाकलेल्या स्फुरदाचा बराच भाग मातीतच जखडून पडतो. रान दीर्घकाळ उघडे-बोडके ठेवले तर बुरशी उपाशी राहते. भाताच्या चिखलणीने हवा कोंडली की मंदावते. मोहरी-कोबीच्या कुळाशी तर तिचा घरोबाच नाही.

इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात काम करणाऱ्या आल्बर्ट हॉवर्डने कंपोस्टाची ‘इंदूर पद्धत’ घडवली. कुजलेले सेंद्रिय द्रव्य आणि पीक यांना जोडणारा दुवा म्हणून त्याने १९४० च्या आपल्या ग्रंथात याच बुरशीकडे बोट दाखवले. मुळे बुरशीला पचवून टाकतात, हा त्याचा तर्क पुढे टिकला नाही; नजर मात्र योग्य जागी होती.

तरीही नांगराला दोष देण्याची घाई नको. शेतकरी नांगरतो ते हौसेने नव्हे. तण त्याला नांगरायला लावते. नांगर सोडला तर पुष्कळदा तणनाशकाचा पंप पाठीवर येतो, आणि तोही सौदा निर्मळ नाही. पंजाब-हरियाणात काही जण भात कापल्यावर धसकटे न जाळता, न नांगरता, त्यांतच ‘हॅपी सीडर’ने गहू पेरतात. बांधावरून पाहणाऱ्या जुन्या माणसाला असे रान आळशाचे वाटावे. कृषी खात्याच्या मराठीत या पद्धतीला ‘शून्य मशागत’ म्हणतात.