लाल दिवा विझेना!

दिवाळीच्या सुट्टीत मामांच्या गावाला, शिरपूर जैनला गेलो होतो. एस.टी.तून उतरून चहा व्हायच्या आतच मामा म्हणाले, "भाचे, तू त कम्प्युटरचाच इंजिनिअर होऊन राहिला ना? मंग दुकानातल्या डब्ब्याले पाय बरं काय झालं. सातबारा काढाले बसलो त गिऱ्हाईक बिडी ओढून वापस येते, तरी पान उघडत नाही."

मामांचं झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं दुकान. जुना डेस्कटॉप, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. समोरचा लाल दिवा लुकलुकायला हवा, तर तो नंदादीपासारखा अखंड पेटलेला. टास्क मॅनेजर उघडला (त्यालाच दोन मिनिटं!). डिस्क १०० टक्के.

मला तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरातला प्रश्नच समोर आल्यासारखं झालं. थ्रॅशिंग! पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेलं. रॅम अपुरी पडली की सिस्टीम पानं डिस्कवर टाकते, परत आणते, अन् या हमालीतच सगळा वेळ जातो. हिशोबही तोंडपाठ: ७२०० आरपीएमच्या तबकडीचा एक फेरा ८.३ मिलिसेकंदांचा. हेड जागेवर जायला साधारण ९, वर सरासरी अर्धा फेरा. म्हणजे सेकंदाला जेमतेम ७५-८० ठिकाणं वाचून होणार. मामांना हे सगळं समजावलं. ते "हो का" म्हणाले.

मग क्रोमचे टॅब बंद, सिसमेन बंद, सर्च इंडेक्सिंग बंद. व्हायरस स्कॅनही थांबवला. दिवा जैसे थे. शेवटी आपल्या होस्टेलचं रामबाण औषध, डीफ्रॅग, लावलं आणि जेवायला गेलो. मामींनी आग्रह करकरून वाढलं. चांगला तासभर गेला.

परत येतो तो डब्यातून "कट्... कट्..." आवाज. तेव्हा कुठे मी रिसोर्स मॉनिटर उघडला. हार्ड फॉल्ट जवळपास शून्य, म्हणजे रॅमचा दोष नाहीच. डिस्कवरून सेकंदाला ३००-४०० केबी वाचणं चाललेलं, आणि रिस्पॉन्स टाइम चार-पाच हजार मिलिसेकंद! धडधाकट डिस्कला दहा-वीस पुरतात.

१०० टक्के म्हणजे डिस्क खूप काम करतेय असं मी धरून चाललो होतो. त्याचा अर्थ एवढाच की काही ना काही मागणी सतत ताटकळत आहे. रेशन दुकानात पहिल्याच आजीचा अंगठा मशीन घेत नाही, ती परत परत लावते आणि मागची सगळी रांग खोळंबते, तसं. डिस्क एकच खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचत बसली होती. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये बॅड ब्लॉकच्या नोंदी ओळीनं लागलेल्या. स्मार्टमध्ये पेंडिंग सेक्टरचा आकडा चढलेला.

मामांना कसं सांगावं? शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी श्रद्धा. म्हटलं, "मामा, डिस्कचं हेडही तबकडीवर असंच हवेच्या थरावर तरंगतं, काही नॅनोमीटरवर. टेकलं की संपलं."

मामा थोडं थांबून म्हणाले, "अन् तू त्याले तासभर पळवलं?"

काय बोलणार? लगेच मशीन बंद केली, डिस्क काढून केबलनं माझ्या लॅपटॉपला लावली. फोटो आले, फॉर्म आले. 'उधारी' नावाची एक्सेल फाइल मात्र अर्ध्यावर अडकली, ती अडकलीच. पेनड्राइव्हवर तिची एक प्रत होती, श्रावणातली. डीफ्रॅग लावलं नसतं तर ती वाचली असती का, सांगता येत नाही. पण सकाळी ती मामांनी माझ्यासमोर उघडली होती, एवढं नक्की.

दुसऱ्या दिवशी वाशीमहून एसएसडी आणली, विंडोज टाकली. मग मामा खुर्चीत डोळे मिटून बसले आणि तीन महिन्यांची उधारी तोंडी सांगू लागले. नाव, रक्कम, कशाचे पैसे, सगळं. मी टाइप करत होतो. एका ठिकाणी ते अडले. बराच वेळ आठवून पाहिलं.

"अजून एक जण होता गा... जाऊ दे. येईन तोच सांगाले."