सोळावं वेष्टन



तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला भेटल्या की विचारायच्या, "कितवं चाललंय?" आता तो प्रश्न संपला. या श्रुतपंचमीला सोळावं वेष्टन बस्तीत दिलं. धवला ग्रंथाच्या सोळाही खंडांना आता हाताने भरलेली वेष्टनं झाली. २०१६ च्या श्रुतपंचमीला पहिलं कापड फाडलं होतं, २०२५ च्या श्रुतपंचमीला शेवटची गाठ मारली. नऊ वर्षं लागली. अभिनंदन पुष्कळ झालं, पण चार दिवसांनी दुपारी दोन वाजता भांडी आवरून बसले, तर हात रिकामे. तेव्हापासून जे मनात आलं ते आज लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. आमच्या बस्तीच्या कपाटात सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने छापलेला धवलाचा पूर्ण संच आहे. त्याची जुनी लाल फडकी विरली होती. नवी शिवायला घेतली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "सोळा पुस्तकं आहेत, तर तीर्थंकरांच्या मातेची सोळा स्वप्नं भर की." त्यांनी सहज म्हटलं आणि मी धरून बसले. कापड खादीचं, दोरा सुती. रेशीम वापरायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं. किडे उकळून काढलेल्या धाग्यात जिनवाणी कशी गुंडाळायची?

ऐरावत हत्ती, बैल, सिंह, लक्ष्मी, दोन माळा, चंद्र, सूर्य, दोन कलश, माशांची जोडी, कमळांचं सरोवर, समुद्र, सिंहासन, देवविमान, नागेंद्रभवन, रत्नांची रास आणि निर्धूम अग्नी. हा क्रम आता मला घरातल्यांच्या वाढदिवसांपेक्षा पक्का पाठ आहे. खरं तर घरातली वर्षंही मी त्याच क्रमाने आठवते. फेब्रुवारी २०१८ मध्ये आम्ही श्रवणबेळगोळला महामस्तकाभिषेकाला गेलो, तेव्हा पिशवीत सिंहाची आयाळ होती, साखळी टाक्यातली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळकडचे पाहुणे तीन आठवडे आमच्याकडे होते. रोज पंचवीस माणसांच्या भाकरी, त्या महिन्यात चंद्राला सुई लागली नाही. २०२० च्या टाळेबंदीत पिवळा दोरा संपला आणि दुकानं बंद, म्हणून एका जुन्या उशीच्या अभ्र्याचं भरतकाम उसवून तो दोरा सूर्याला वापरला. जुलै २०२१ ला पंचगंगा पुन्हा चढली, तेव्हा रिंगणावर माशांची जोडी होती. मिस्टर म्हणाले, "मासे लवकर संपव बाई, पाणी उतरू दे."

समुद्र भरत असताना लेकीचं लग्न झालं. नागेंद्रभवनाच्या वेळी सासूबाईंची नजर गेली. पंधरावं आणि सोळावं त्यांनी पाहिलं नाही, बोटांनी चाचपलं. रत्नांच्या राशीला मी गाठीचे टाके घातले होते. त्यावरून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "ज्वारीसारखं लागतंय." मला ती सगळ्यात मोठी शाबासकी वाटली.

सगळ्यात अवघड गेलं ते सोळावं, निर्धूम अग्नी. ज्वाला भरता येते, पण धूर नाही हे कसं भरायचं? माझ्या आईच्या चुलीला धूर होता, डोळे चोळत ती भाकरी थापायची. शेवटी माझ्या गॅसकडे बघितलं. सकाळी दूध तापवताना बारीक केलेली ती निळी ज्योत, वर जेमतेम पिवळी. पस्तीस वर्षं रोज समोर होती, पण तोवर नीट बघितली नव्हती. आठ दिवस दूध उतू जाऊ न देता तिच्याकडे बघत उभी राहिले आणि तीच भरली. बस्तीतल्या एक काकू म्हणाल्या, "अगं, अग्नी निळा कशाला?" मी म्हटलं, "काकू, घरी जाऊन गॅस पेटवून बघा."

आता रिकाम्या हातांचं. आपल्याकडे व्रत धरलं की त्याचं उद्यापन ठरलेलं असतं. किती वर्षं, किती उपवास, शेवटी काय द्यायचं, सगळं आधीच माहीत. त्यामुळे व्रत संपताना मन भांबावत नाही. आपण मनाने घेतलेल्या कामाला मात्र उद्यापन कोणी सांगितलेलं नसतं. मला दोघींनी लगेच सुचवलं, आता जयधवलाला घे, महाबंधाला घे. घेता येईल. पण बोटांचे सांधे सकाळी आखडतात, आणि नवं काम फक्त रिकामेपणाच्या भीतीने घ्यायचं, हे मला पटेना.

मग ज्या ग्रंथांसाठी हे सगळं केलं, ते कसे पूर्ण झाले ते आठवून बघितलं. श्रुतपंचमीची कथा आपण दरवर्षी ऐकतो. गिरनारच्या चंद्रगुफेत धरसेनाचार्यांनी पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना शिकवलं. षट्खंडागमाची सुरुवात पुष्पदंतांनी केली. सत्प्ररूपणेची १७७ सूत्रं रचून जिनपालिताबरोबर भूतबलींकडे पाठवली, आणि पुढचा सगळा ग्रंथ भूतबलींनी पूर्ण केला. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला संघाने त्याची पूजा केली, तीच आपली श्रुतपंचमी. पुढे वीरसेनाचार्यांनी त्यावर ७२ हजार श्लोकांएवढी धवला टीका लिहिली. मग जयधवला सुरू केली, २० हजार श्लोकांवर थांबली. उरलेली ४० हजार शिष्य जिनसेनांनी लिहून इ.स. ८३७ मध्ये पूर्ण केली. त्याच जिनसेनांचं आदिपुराण ४३ व्या पर्वाच्या तिसऱ्या श्लोकावर राहिलं, ते गुणभद्रांनी पुढे नेलं. म्हणजे एकाने सुरू करायचं आणि दुसऱ्याने पुरं करायचं, हीच आपली रीत दिसते. त्या मानाने माझं नशीब थोर. सोळाही माझ्याच हातून झाली.

पण या ग्रंथांची दुसरी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. कित्येक शतकं त्यांच्या ताडपत्री पोथ्या मूडबिद्रीला होत्या. यात्रेकरू जायचे, दर्शन घ्यायचे, नमस्कार करायचे आणि परत यायचे. वाचायला कोणाला मिळत नसत. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे माणिकचंद शेठ यांच्या खटपटीने १८९६ च्या सुमारास नकला करायला सुरुवात झाली. नक्कल करणाऱ्यांत गजपती शास्त्री होते. त्यांनी गुपचूप आणखी एक कानडी प्रत घरी करून ठेवली. त्या कामात त्यांची पत्नी लक्ष्मीबाई यांचा मोठा हात होता. हे ग्रंथ लोकांनी वाचावेत, ही त्यांची इच्छा. ती प्रत सहारनपूरला गेली, तिच्यावरून देवनागरी नकला झाल्या आणि अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांनी १९३९ साली पहिला खंड छापला. सोळा खंड व्हायला जवळजवळ वीस वर्षं गेली. त्या कामाला आपल्या कोल्हापूरचा हातही लागला आहे. राजाराम कॉलेजात १९३० पासून १९६२ पर्यंत शिकवणारे, सदलग्याचे डॉ. आ. ने. उपाध्ये या संपादनात सहकारी होते.

घरात चूल पेटवायची, माणसांचं करायचं आणि उरल्या वेळात ताडपत्रावरची अक्षरं उतरवायची. लक्ष्मीबाईंच्या दुपारींविषयी कोणी लिहून ठेवलेलं नाही. पण दुपार म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.

आमच्या कपाटातले सोळा खंड आता फार देखणे दिसतात. बायका काचेतून बघतात, हात जोडतात. परवा एक मुलगी म्हणाली, "काकू, इतकं सुंदर आहे, सोडावंसंच वाटत नाही." ती कौतुकाने बोलली, पण मला मूडबिद्री आठवली. वेष्टन हे सोडून परत बांधायलाच असतं. म्हणून मी प्रत्येकाला लांब नाडी लावली आहे. ती सोडून सोडून विरली, की माझं काम कामाला आलं म्हणायचं.

तर उद्यापन असं ठरवलंय. दर मंगळवारी दुपारी दोन ते साडेतीन, बस्तीच्या सभागृहात पहिला खंड उघडायचा. मूळ प्राकृत-संस्कृत आहे, खाली हिंदी आहे. एक ताई प्राकृत शिकलेल्या आहेत, त्या सांगतील. दोन मंगळवार झाले, सहा जणी होतो, दीड पान झालं. ग्रंथाच्या सुरुवातीलाच णमोकार मंत्र आहे. पुष्पदंतांनी तिथून सुरुवात केली. रोज म्हणतो तोच मंत्र छापील पानावर पहिलं सूत्र म्हणून बघितला, तेव्हा सहाही जणी गप्प झाल्या.

घरातलं बाकी सगळं तसंच आहे. पाणी गाळायचं, अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नाही म्हणून आदल्या दिवशी मटकी भिजवायची, दिवस मावळायच्या आत ताटं वाढायची. सासूबाईंना संध्याकाळी मंगळवारचं दीड पान सांगायचं हे एक काम वाढलंय. त्या ऐकतात आणि नेमकं जिथं मला कळलेलं नसतं तिथंच विचारतात. मग पुढच्या मंगळवारी मी ते ताईंना विचारते.

उरलेले दोरे एका डब्यात आहेत. कोणाला जयधवलासाठी वेष्टनं भरायची असतील तर घेऊन जा. टाके दाखवीन, नमुने देईन. पुरी करायला नऊ वर्षं लागोत की अठरा, नाही झाली तर पुढची कोणीतरी करेल.

मंगळवारी या. चष्मा आणायला विसरू नका, अक्षर बारीक आहे.

जय जिनेंद्र.