लाईट आली की कळव

चि. सौ. छकुली हिस,


तू पाठवलेली यादी वाचली. झाडू मारणारं यंत्र, दाराचा कॅमेरा, सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा, आपोआप लागणारे दिवे, टाकी भरली की बंद होणारी मोटर, बिलं परस्पर भरली जाण्याची सोय. यातलं काय घ्यावं हे तू मला विचारलंस, याचं फार बरं वाटलं. फोनवर हे नीट बोलणं झालं नसतं, म्हणून लिहायला बसलो. यातल्या निम्म्या वस्तू मी हाताळलेल्या नाहीत. पण विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर मी रोज वापरतो, आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या एका यंत्रानं शिवारात काय होतं तेही पाहिलंय. त्या अनुभवावर लिहितो.

आपल्याकडे शेतीची थ्री फेज लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी म्हणजे काय ते तू सुट्टीत आलीस तेव्हा थोडंफार पाहिलंयस. विहीर घरापासून लांब, वाटेत दोन्ही बाजूंना ऊस, आणि जुन्नर तालुक्यात उसाचा फड म्हणजे बिबट्याचा आसरा. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावं लागलं, यावरून काय ते समज. पावसाळ्यात पायाखाली काय येईल त्याचा नेम नाही. एवढं करून विहिरीवर पोचायचं, स्टार्टरचं हिरवं बटण दाबायचं, आणि घरी येऊन पाठ टेकावी तोवर लाईट जायची. परत आली की परत निघायचं. तुझ्या आईला, आक्काला विचार, माझ्यापुढे कंदील धरून चालायची ती.

आता विहिरीवरच्या पेटीत सिमकार्ड आहे. पेटीला फोन लावला की ती उचलते, लाईट आहे की नाही ते मराठीत सांगते. एक आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद. तिन्ही फेजपैकी एक गेला तर मोटर जळायच्या आत ती बंद करते. विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि पंप कोरडा फिरायला लागला तरी बंद करते, आणि दोन्ही वेळा फोनवर कळवते. नोंदवलेल्या नंबराशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. त्याला मोठा फोनही लागत नाही. तुझ्या मामीच्या बटणांच्या साध्या फोनवरून मोटर चालू होते. सिमला रिचार्ज मात्र वेळेवर मारावा लागतो, आणि विहीर खोलगटात असेल तर रेंजसाठी अँटेना खांबावर चढवावी लागते.

हे यंत्र माझी शेती करत नाही. दारं धरायला माणूस लागतोच. पाणी कोणत्या सरीत गेलं, पाट कुठे फुटला, हे पेटीला दिसत नाही. ठिबक आहे त्या वावरात मी घरातून मोटर लावून निजतो; पाटपाणी आहे तिथे अजूनही जातो, पण लाईट आलीय याची खात्री झाल्यावरच. वाया जाणारा फेरा वाचला. एवढंच त्याचं काम आहे आणि ते फार मोठं आहे.

आता दुसऱ्या यंत्राबद्दल. त्याला इकडे नुसतं 'ऑटो' म्हणतात. ते मोबाईल स्टार्टरपेक्षा कितीतरी स्वस्त. लाईट गेली की स्टार्टर पडतो; लाईट परत आली की ऑटो काही सेकंद थांबतो आणि आपणच मोटर चालू करतो. फोन नको, सिम नको, कुणाला विचारणं नको. एकट्याच्या विहिरीपुरतं पाहिलं तर याच्याइतकं सोयीचं काही नाही.

पण डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, माझी एकट्याची मोटर नसते. पाच एचपीची मोटर चालताना साधारण सात-आठ अँपिअर घेते. सुरू होताना मात्र त्याच्या पाच-सहा पट ओढते, म्हणजे चाळीसच्या आसपास. 100 केव्हीएच्या डीपीची ताकद एका फेजला 135 अँपिअरच्या घरातली. अशा डीपीवर 15 मोटरी एकामागून एक लागल्या तर सगळ्या सुखानं चालतात. पण सगळ्यांना ऑटो असले की लाईट येताच पंधराही मोटरी एकदम उठतात आणि क्षणात सहाशे अँपिअर मागतात. व्होल्टेज कोसळतं, मोटरी वेग घेऊ शकत नाहीत, म्हणून जास्तच ओढत राहतात. फ्यूज उडतो. कुणीतरी चिडून जाड तार टाकतो, आणि मग फ्यूज वाचतो पण डीपी जळते. नवीन डीपी येईपर्यंत सगळ्या शिवारातली पिकं माना टाकतात. महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय की ऑटोस्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. ते बरोबर सांगतात. माझ्या मोबाईल स्टार्टरमध्येही ऑटोची सोय आहे. मी ती बंद ठेवलीय. लाईट आली की पेटीनं मला कळवावं, पुढचं मी सांगेन.

तुझी यादी मी याच नजरेनं वाचली. जे यंत्र फेरा वाचवतं आणि केलेलं काम तुला सांगतं, ते जरूर घे. जे तुझ्या नावानं गुपचूप काही करत राहतं, त्याच्याबाबत दहा वेळा विचार कर.

टाकीचं यंत्र लगेच बसवून घे. वर पाण्याची पातळी ओळखणारे सेन्सर, खाली मोटरला जोडलेली पेटी. टाकी भरली की मोटर बंद. गच्चीवरून पाणी वाहून जाणं थांबेल, आणि तुझा जीव निम्मा तिकडे लागलेला असतो तोही सुटेल. खालच्या हौदात पाणी नसेल तर मोटर चालूच होणार नाही असं घे. कोरडी फिरून मोटर जळते ती विहिरीवरच काय, बंगल्यातही जळते.

बिलांचं जरा निवडून कर. विम्याचा हप्ता, आरडी, मुलाच्या क्लासची ठरलेली फी, म्हणजे ज्यांचा आकडा बदलत नाही ते सगळं यूपीआय ऑटोपेवर टाक. 2020 पासून ही सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे अशी रक्कम जाण्याआधी 24 तास तुला सूचना आली पाहिजे, आणि दिलेली परवानगी तुला कधीही काढून घेता येते. म्हणून ही सोय मला पटते: आधी सांगते, थांबवलं तर थांबते. ती सूचना वाचायची सवय मात्र ठेव. लाईटबिल यात टाकू नकोस. ते दर महिन्याला स्वतः उघड, युनिट बघ, मग भर. बिल अचानक वाढलं तर गिझरचा थर्मोस्टॅट बिघडलाय की मीटर, हे त्या कागदावरूनच पहिल्यांदा कळतं. परस्पर भरलं जाणारं बिल कुणी वाचत नाही.

कागदपत्रांचं म्हणशील तर लायसन्स आणि गाडीचं आरसी डिजिलॉकरमध्ये ठेव. आमच्या शेतीच्या कागदांचंही तसंच झालंय. सातबाऱ्यासाठी तलाठी कुठल्या दिवशी गावात असतात याची वाट पाहायचे दिवस गेले. डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत घरबसल्या निघतो. पिकाची नोंदही 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्यानं आपल्याच फोनवरून करायची असते. पहिल्या हंगामात आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांना कुणीतरी नातवंडच लागायचं. आता बांधावर उभं राहून फोटो काढतात आणि नोंद करून टाकतात. आपली नोंद आपल्या हातानं झाली याचा त्यांना आनंद होतो, तो मी पाहिलाय.

आता तुझ्या यादीत नसलेली आणखी एक गोष्ट लिहितो, रागावू नकोस. रात्री विहिरीवर जावं लागतं याचं मूळ रात्रीच्या लाईटमध्ये आहे. सरकारनं 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली ती दिवसा लाईट देता यावी म्हणून. दिवसाची लाईट आल्यावर अंधारातला फेरा मुळातूनच जातो. तोवर माझा स्टार्टर त्या त्रासातून वाट काढतो, त्रास मिटवत नाही. तुझ्या घरातला त्रास काय आहे? सिलिंडर कधी संपतो, सासूबाईंची साखर कधी तपासायची, मुलाची सहल कधी, पाहुण्यांचं लग्न कधी, सगळ्या तारखा तुझ्या एकटीच्या डोक्यात आहेत. झाडू मारणारं यंत्र आणलंस तरी त्या तिथेच राहतील, उलट ते यंत्र साफ करायची आठवण त्यात वाढेल.

माझ्या स्टार्टरमध्ये एकापेक्षा जास्त नंबर नोंदवता येतात. माझा आहे, मामीचा आहे, सुनेचाही आहे. मोटर बंद पडली की तिघांनाही कळतं आणि जो मोकळा असेल तो बघतो. हे मी तुला कळकळीनं सांगतो: तुझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये या सगळ्या तारखा घाल, आणि तेच कॅलेंडर जावईबापूंच्या आणि मुलाच्या फोनवरही लाव. वाणसामानाची यादी गूगल कीपमध्ये तिघांत एकच ठेव. सिलिंडर बुक करण्याची आठवण फक्त जावईबापूंच्याच फोनवर वाजू दे, तुझ्या नको. मुलगा चौदा वर्षांचा आहे. आजीच्या गोळ्यांचा गजर त्याच्या फोनवर लाव. आणि गजरावर विसंबू नका. गजर वेळ सांगतो, गोळी घेतली की नाही ते त्याला कळत नाही. औषधांच्या दुकानात आठवड्याचे सात कप्पे असलेली डबी मिळते, ती आण. आजचा कप्पा रिकामा दिसला की गोळी घेतली. घरातल्या कुणालाही ते एका नजरेत कळतं, आणि तिला रिचार्जही लागत नाही.

राहिला सासूबाईंच्या खोलीतला कॅमेरा. तू ऑफिसात असताना त्या पडल्या तर, ही तुझी धास्ती मला समजते. पण त्या त्यांच्या खोलीत लुगडं बदलतात, जप करतात, एकट्या बसून रडतही असतील. तिथे कुणीतरी सतत बघतंय हे त्यांना न विचारता ठरवायचं नाही. आधी न्हाणीघरात धरायला दांडा बसव, खाली न घसरणारी लादी घाल, रात्री संडासच्या वाटेवर हालचाल ओळखून लागणारा दिवा लाव. तुझ्या यादीतला सगळ्यात उपयोगी दिवा तो आहे. त्यांच्या फोनवर बोलून फोन लावायची सोय मराठीत करून दे आणि शेजारी बसून दोन-चार दिवस शिकव. एवढं झाल्यावर त्यांच्याशी बोल. त्या हो म्हणाल्या तर कॅमेरा लाव, आणि तो बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी ठेव.

दिवाळीला याल तेव्हा मुलाला विहिरीवर नेईन. या आठवड्यात टाकीचं काम करून घे, रविवारी तिघं एकत्र बसून तारखा घाला, आणि सासूबाईंना विचारल्याशिवाय कॅमेरा मागवू नकोस.

आक्काला नमस्कार सांग. मामीचे आशीर्वाद.

तुझा,
मामा