दुकानाची किल्ली आपल्या कमरेला

मैत्रिणींनो, कुठल्याही गावात दर चार घरांआड एक तरी सुगरण सापडतेच. कुणाच्या कुरडया कापसासारख्या फुलतात, कुणाचा कांदा-लसूण मसाला एकदा खाल्ला की दुसरा नको वाटतो. पण ही कीर्ती जाते कुठवर? फार तर नणंदेच्या सासरपर्यंत! माल विकायचा म्हटला की आपण अडतो. गाळा घ्यावा तर भाडे नि अनामत रक्कम हवी, दुकानदाराकडे ठेवावा तर तो आपला वाटा आधी कापून घेणार. अशा वेळी हातातला मोबाईल हेच आपले दुकान होऊ शकते, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. मात्र त्या दुकानाची किल्ली कुणाच्या कमरेला असावी, हे फारसे कुणी विचारत नाही. मला आज त्या किल्लीविषयीच बोलायचे आहे.

आमचे भांडगाव पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. मी सकाळी अर्धवेळ शिकवते, उरलेला वेळ घराचा. मसाल्याची खरी मानकरी माझी धाकटी जाऊ. ब्याडगी आणि लवंगी मिरची ती स्वतः निवडते, देठ काढून उन्हात खडखडीत वाळवते, खडा मसाला तेलावर भाजते आणि डंकावर उभे राहून कुटून आणते. दोन वर्षांपूर्वी तिच्या लेकाने इन्स्टाग्रामवर मसाल्याचे खाते उघडून दिले. फोटो झकास आले. पुण्याकडून मागण्या येऊ लागल्या. घरात सगळे खूश!

मग तो शिकायला बाहेर गेला. खाते त्याच्या फोनमध्ये, नंबर त्याचा, पैसेही त्याच्याच बँकेत. इकडे मागण्या यायच्या आणि तिकडे तो परीक्षेत गुंतलेला. चार-चार दिवस उत्तर जायचे नाही. गिऱ्हाईक कशाला थांबते? एके दिवशी जाऊ म्हणाली, ‘‘ताई, मसाला मी करते, पण तो घेतं कोण, ते मलाच माहीत नाही.’’ मला अगदी गलबलून आले. पोराने प्रेमानेच केले होते, त्यात त्याचा काही दोष नाही. पण राबणारे हात एकीचे आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, असा हा प्रकार झाला होता. तुमच्याही घरी असेच काहीसे असेल, म्हणून हे सांगते आहे.

मुलांची मदत घेऊच नये, असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. ‘आपली आजी’ हे यूट्यूबवरचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. आपल्या दौंडहून नगरकडे रेल्वेने निघाले की वाटेत सारोळा लागते. तिथल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजी. २०२० मध्ये त्यांच्या नातवाने त्यांच्या पाककृतींचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली आणि बघता बघता लाखो माणसे ते पाहू लागली. आजीच्या हातची चव आणि नातवाचे तंत्र, असा तो सुरेख मेळ! पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुणीतरी त्यांचे खातेच चोरले. सुदैवाने काही दिवसांनी ते परत मिळाले. एवढ्या नावाजलेल्या खात्याची ही गत, तर आपल्यासारख्यांनी कुलूप किती जपायला हवे!

आम्ही मग नव्याने मांडामांड केली. जावेसाठी तिच्याच नावावर वेगळे सिमकार्ड घेतले. त्यावर ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ घातले. हे फुकट मिळते. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासकट लावून ठेवता येते, आणि आपण स्वयंपाकात असलो तर ‘संध्याकाळी उत्तर देते’ असा निरोप आपोआप जातो. बँकेचे खाते तिच्या नावाचे, त्याला जोडलेला क्यूआर कोडही तिचाच. प्रत्येक खात्याला दुहेरी कुलूप, म्हणजे पासवर्डशिवाय आणखी एक सांकेतिक आकडा, लावून घेतला. पुतण्या सुटीत येतो तेव्हा नवे काही शिकवतो. पण आता तो शिकवतो आणि ती स्वतः करते.

सासूबाईंची अडचण वेगळीच होती. ‘‘घरातल्या बाईचा चेहरा चार लोकांच्या फोनात कशाला?’’ आत्यांना तोडून बोलणे आम्हाला पटेना आणि काम थांबवणेही पटेना. शेवटी ठरवले, चेहरा नकोच. मिरची निवडणारे हात, परातीतला लालभडक मसाला, एवढेच दाखवायचे. आता आत्याच सांगतात, ‘‘अगं, मी पाखडताना सुपाचा फोटो घे की!’’

फोटोसाठी महागडा फोन लागत नाही. सकाळचे कोवळे ऊन खिडकीतून येत असताना घ्यावा, मागचा पसारा आवरावा आणि आधी पदराने फोनची काच पुसावी. निम्मे काम तिथेच होते. खाली साध्या मराठीत माल कोणता, वजन किती, भाव काय, कधी केला आणि मागवायचा कसा, एवढे लिहावे. भाव लपवून ‘विचारा’ म्हटले की गिऱ्हाईक पुढे सरकते. पाकिटावर अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांकही हवा. घरगुती माल विकणाऱ्यांनाही ही नोंदणी लागते.

पहिल्याच दिवशी हजारो गिऱ्हाइकांची स्वप्ने पाहू नका. लिज्जत पापडाची गोष्ट आठवा. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले. पहिल्या दिवशीची विक्री होती चार पाकिटे! आपणही माहेरची माणसे, शेजारणी, मुलांच्या मैत्रिणींच्या आया यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांना आपला नंबर नावानिशी जपून ठेवायला सांगावे, कारण व्हॉट्सॲपच्या ‘ब्रॉडकास्ट’ यादीतून धाडलेला निरोप ज्यांच्याकडे आपला नंबर नोंदलेला असतो त्यांनाच मिळतो. आणि रोज सकाळी शुभेच्छांची फुले पाठवून त्यांना बेजार करू नये. आठवड्यातून दोनदा, सांगण्यासारखे असेल तेवढेच.

आता एक धोक्याची सूचना. मागच्या उन्हाळ्यात जावेला एकाचा फोन आला. पाच किलो मसाला हवा म्हणाला, भावही केला नाही. ‘पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका.’ तिने शांतपणे सांगितले, ‘‘दादा, पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायला लागतो.’’ पलीकडून फोन खाली! हे वाक्य, मैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा. पिन आणि फोनवर येणारा ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी बँकेचा साहेब म्हणवणाऱ्यालाही नाही.

जावेची विक्री काही फार मोठी नाही. महिन्याला दहा-बारा किलो मसाला जातो, सणावाराला थोडा जास्त. पण वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव तिच्या अक्षरात आहे. कुणाला तिखट कमी लागते, कोण दिवाळीआधी मागवते, हे तिला तोंडपाठ आहे. लेकाची फी भरताना तिने परवा स्वतःच्या खात्यातून पैसे दिले, कुणाला न विचारता.

तेव्हा सुरुवात लहान असू द्या, मदत जरूर घ्या, घरच्यांचा मानही राखा. पण नंबर, पासवर्ड आणि पैशांचे खाते या तीन गोष्टी आपल्या नावावर आणि आपल्या हातात ठेवा. कोठीच्या खोलीची किल्ली आपण कधी कुणाच्या हाती देतो का?