वही, कॅसेट आणि पडदा

आमची मुलगी अकरावीला आहे. गेल्या महिन्यात तिच्या उशाशी एक इंग्रजी कादंबरी दिसली. जे अॅशर या अमेरिकन लेखकाची 'थर्टीन रीझन्स व्हाय', २००७ साली निघालेली. शाळकरी मुलीच्या आत्महत्येची गोष्ट आहे हे कळताच आमच्या छातीत धस्स झाले. रागावण्याऐवजी आम्ही ती वाचायला घेतली. शब्दकोश जवळ ठेवून लोकलमध्ये वाचली. मग तिच्याच मोबाईलवर नेटफ्लिक्सची २०१७ ची मालिकाही पाहिली.

हॅना बेकर ही मुलगी मरण्यापूर्वी सात कॅसेटी भरून ठेवते. तेरा बाजू, तेरा कारणे. कुणी तिच्याबद्दल अफवा उठवली, कुणी मुलींची यादी करून तिचे नाव लिहिले. शेवटी ती शाळेच्या समुपदेशकाकडे जाते. झाले ते मागे टाक, असाच त्याचा सूर. ती उठून जाते, तो मागे येत नाही. क्ले नावाचा मुलगा हे सारे एका रात्रीत ऐकतो.

पुस्तकात फक्त तिचा आवाज आहे. आपणही क्लेसोबत ऐकत राहतो. मालिकेत क्लेला ऐकायला अनेक दिवस लागतात, आणि पुस्तकात जवळजवळ नसलेले हॅनाचे आईवडील तिथे समोर येतात. लेकीचे काय झाले हे शोधत फिरणारी ती आई पाहून आम्हाला आमचेच घर दिसले. इथे मालिका पुस्तकाच्या पुढे गेली.

पण तिने मृत्यूही उघडा दाखवला. डॉक्टरांनी व जाणकारांनी आक्षेप घेतले, आणि २०१९ मध्ये तो प्रसंग काढून टाकण्यात आला. योग्यच झाले. कोवळ्या मनाला असले दृश्य कशाला?

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे खटकली. मेल्यावर हॅनाचे म्हणणे सगळ्यांना ऐकावे लागते, जणू मरणाने तिचा न्याय झाला. खऱ्या आयुष्यात तसे होत नाही. गेलेल्याला काहीच कळत नाही, मागे राहतात ते फक्त रडणारे.

आम्ही मुलीला हेच सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पप्पा, दहावीत वर्गातली मुलं मला चिडवायची, तेव्हा मी तुम्हाला सांगायला आले होते. तुम्ही सभेच्या पावत्या फाडत होता. नंतर बोलू म्हणालात."

ते 'नंतर' कधी आलेच नव्हते. पावत्या कसल्या होत्या तेही आम्हाला आठवत नाही.

पालक बंधू-भगिनींनो, मुलांच्या हातून पुस्तक हिसकावू नका. सोबत वाचा, सोबत पाहा. मूल बोलायला आले तर हातातली वही खाली ठेवा. मन फारच खचले असेल तर 'टेली-मानस'चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. पण पहिला कान घरातलाच हवा.